गाळलेली म्हण

बाई, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हाही कधी लिहिलं नव्हतं, कारण गरजच पडली नाही. शुक्रवार पेठेतल्या तुमच्या दोन खोल्या आणि आमच्या अब्बांचं बाइंडिंगचं दुकान यांच्यात एक गल्ली होती. तुमच्या शाळेची हजेरीपत्रकं, वाचनालयाची फाटकी पुस्तकं अब्बा शिवून द्यायचे आणि ती पोचवायला मला पाठवायचे. त्या वेळी मी तुमच्याच वर्गात होते. पुस्तकांचा गठ्ठा खाली ठेवून मी निघाले की तुम्ही म्हणायचात, "थांब. 'शाला' नाही, 'शाळा'. जीभ टाळ्याला लाव. वीस वेळा म्हण आणि जा." मी तुमच्या उंबऱ्यावर उभी राहून शाळा, केळं, वेळ, माळ म्हणत राही आणि तुम्ही आत मेथी निवडत बसलेल्या असायचात. एकदा मी वीसच्या ऐवजी सतरावर थांबले तर आतून आवाज आला, "तीन उरलेत. बाइंडिंगमध्ये तीन पानं गाळली तर चालतील का तुझ्या वडिलांना?"

पुढे मी मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले, विम्याच्या ऑफिसात लागले, लग्न झालं, दोन मुली झाल्या. तुम्ही निवृत्त झालात आणि महिला मंडळांत बोलायला जाऊ लागलात. 'म्हणींमधल्या बायका' हा तुमचा विषय. सुरुवातीला मी नुसती सोबत म्हणून यायचे, कारण तुम्हाला स्वारगेटला बस बदलताना पायऱ्या चढवत नसत. कोणाच्या बंगल्याच्या गच्चीवर, कुठे शाळेच्या वर्गात, कुठे सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंज्या घालून चाळीस-पन्नास बायका बसलेल्या असायच्या. तुम्ही हातात कागद न घेता पाऊण तास बोलायचात. "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. बरं. महिन्यातले उरलेले बावीस दिवस कुणाचे, ते कुणी विचारलंय का?" बायका हसून एकमेकींना टाळ्या द्यायच्या. आणि शेवटी नेहमी 'आयत्या बिळावर नागोबा'. आवाज अगदी खाली आणून तुम्ही सांगायचात, "मुंग्या कण कण माती वाहून वारूळ बांधतात. नागोबा आयता राहायला येतो. आणि नागपंचमीला आपण दूध कुणाला घालतो? मुंग्यांना घातलेलं मी तरी पाहिलं नाही." यावर पहिल्यांदा हशा यायचा, मग एकेक बाई गप्प व्हायची. शेवटी त्या सगळ्या गप्प झाल्या की तुम्ही नमस्कार करून खाली बसायचात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे कार्यक्रम मला जास्त आठवतात. बोलणं झालं की ताटं फिरायची. तुम्ही लग्न केलं नव्हतं आणि मी मुसलमान, त्यामुळे आपल्या दोघींपाशी आलं की ताट जरा अडखळायचं. मग कोणीतरी लगबगीनं तिळगूळ आपल्या हातावर ठेवून पुढे जायची. आपण शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून तिळगूळ खायचो. एकदा एका बाईंनी कौतुकानं मला म्हटलं, "तुमचं मराठी किती छान आहे हो." मी हसले. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "हिची पणजीसुद्धा पुण्यातच वारली. आपण कुठल्या?" त्या बाई सोलापूरहून बदलून आलेल्या होत्या. पुढचा सबंध वेळ त्या आपल्याकडे फिरकल्या नाहीत.

मला बोलायला तुम्हीच उभं केलंत. तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी बोलायची आणि तुम्ही जायफळ किसता किसता थांबवायचात. "घाई नको. हशा संपू दे. बायकांना आठवड्यातून एकदा हसायला मिळतं, त्यात तू पुढचं वाक्य घुसवू नकोस." मग तुमच्या पाऊण तासातली शेवटची दहा मिनिटं तुम्ही मला देऊ लागलात. पहिल्यांदा बोलून उतरले तेव्हा मंडळाच्या बायकांनी मला नारळ आणि पाकीट दिलं. मी पाकीट घ्यायला संकोचले. तुम्ही कानाशी म्हणालात, "घे. फुकट बोललेलं बायका ऐकत नाहीत, विणकाम करतात." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला लक्ष्मी रोडला नेलंत आणि जाड तळव्याच्या, अंगठ्याच्या तपकिरी चपला घेऊन दिल्यात. उभं राहून बोलणाऱ्या बाईची चप्पल चावता कामा नये, तिचं लक्ष पायात राहतं, असं तुमचं म्हणणं होतं. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली वस्तू, जी मला कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून मिळालेली नव्हती.

आणि एक काम तुम्ही माझ्याकडे सोपवलं होतंत. "माझं वय होतंय. कधी लांबलं, कधी तेच पुन्हा आलं, तर पुढे बसून रुमाल उचल. मी थांबेन. हे दुसरं कुणी मला सांगणार नाही. चूक तोंडावर सांगतात ते आपले. पाठीमागे सांगितली की तिची चहाडी होते." मी हो म्हटलं. दोन वर्षं मी पहिल्या रांगेत मांडीवर रुमाल घेऊन बसत होते आणि तो उचलायची वेळ आली नाही.

ती बिबवेवाडीच्या मंडळात आली. दर संक्रांतीला ते तुम्हालाच बोलवायचे. त्या वर्षी तुम्ही 'चार दिवस सासूचे' सांगितलंत, बायका हसल्या. पाच मिनिटांनी पुन्हा तेच सांगितलंत, त्याच शब्दांत, तसंच बावीस दिवसांपाशी थांबून. थोड्या हसल्या. तिसऱ्यांदा सांगितलंत तेव्हा मागे कुजबुज सुरू झाली आणि एक मुलगी खुसखुसली. मी रुमाल उचलला नाही. तुम्ही बोलत राहिलात, तास होऊन गेला, बायका एकेक करून घड्याळं बघू लागल्या, आणि मी रुमालाच्या घड्या घालत बसले.

पुढच्या वर्षी डिसेंबरात मंडळाच्या चिटणीसबाईंचा माझ्या ऑफिसात फोन आला. "बाईंचं हल्ली फार लांबतं. या वर्षी तुम्हीच या ना. विषय तोच चालेल, आमच्या बायकांना आवडतो. आणि बाईंना काही बोलू नका, वाईट वाटेल त्यांना." 'विचार करून सांगते' असंही मी म्हणाले नाही. मी तारीख विचारली.

त्यानंतर आठवड्यानं तुमच्याकडे आले होते. तुम्ही कॉफी केली आणि म्हणालात, "बिबवेवाडीचं पत्र नाही आलं अजून. एरवी नाताळाच्या आत येतं."

"पोस्टात गहाळ झालं असेल, बाई."

"असेल. शनिवारच असतो त्यांचा, संक्रांतीनंतरचा. तू येशील ना?"

"त्या शनिवारी ऑफिसात ऑडिट आहे."

तुम्ही मान हलवलीत. माझ्या बोलण्यावर तुम्ही विश्वास ठेवलात, आणि पुढे जे झालं ते त्या विश्वासामुळे झालं. मी जर म्हटलं असतं की नसेल बोलावलं या वर्षी, तर तुम्ही घरी राहिला असता. पण पत्र गहाळ झालं म्हणजे तिकडे बायका वाट बघत असणार, असा तुम्ही सरळ अर्थ घेतलात.

त्या शनिवारी बिबवेवाडीला मी वीसेक मिनिटं बोलले होते. छान चाललं होतं. मी 'चार दिवस सासूचे' म्हटलं होतं, बावीस दिवसांपाशी थांबले होते, हशा संपू दिला होता. तेवढ्यात मागच्या दारात तुम्ही दिसलात. क्रीम रंगाची, बारीक काठाची साडी, हातात पर्स. दारातल्या बाईला तुम्ही सांगत होतात आणि ते मला माइकपाशी ऐकू आलं, "स्वारगेटला बसच मिळाली नाही हो, म्हणून उशीर झाला. फार खोळंबलात का?" चिटणीसबाई धावत गेल्या. "या ना बाई, बसा, आज तुमच्या विद्यार्थिनीचं ठेवलंय." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग फळ्याकडे. फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव लिहिलं होतं आणि त्याखाली 'म्हणींमधल्या बायका'. कोणीतरी उठून तुम्हाला पाण्याच्या पिंपाशेजारची खुर्ची दिली. तुम्ही पर्स मांडीवर घेऊन बसलात, वर्गात तपासणी चालू असताना मागे बसायचात तशा.

मी थांबायला हवं होतं. माइक तुमच्या हातात द्यायला हवा होता, निदान हे सगळं यांचं आहे एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी बोलत राहिले. शेवटाकडे आले, आवाज खाली आणायची जागा आली, आणि माझ्या तोंडून नागोबा निघेना. मी दुसऱ्याच कुठल्या तरी म्हणीवर गुंडाळलं आणि नमस्कार केला. टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्यात. नारळ, पाकीट झालं, मग चिटणीसबाईंनी घाईघाईनं फुलदाणीतला एक गुलाब काढून तुम्हाला दिला. त्याच्या देठातून पाणी गळत होतं.

स्टॉपवर आपण दोघीच उभ्या होतो. ऊन अजून होतं.

"उच्चार स्वच्छ होते," तुम्ही म्हणालात. मग, "एक म्हण गाळलीस."

मी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"आणि पोस्टखात्याला उगाच बोल लावलास. बिचारे उन्हातान्हात हिंडतात."

"बाई, मी सांगणार होते."

"लांबत होतं का गं माझं?"

"थोडंसं."

"मग रुमाल का नाही उचललास?"

तुमचा आवाज चिडलेला नव्हता. तुम्हाला खरंच कळून घ्यायचं होतं. तेवढ्यात बस आली. तुम्ही दांड्याला धरून चढायला लागलात, मी हात पुढे केला तर तो न दिसल्यासारखं करून तुम्ही एकट्या चढलात.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला तुमची दया आली होती. पहिल्या वेळी आलीही असेल. पण तिसऱ्यांदा तुम्ही ते वाक्य म्हणालात तेव्हा मी तुमच्याकडे बघत नव्हते. मी बायकांकडे बघत होते, आणि इथे आपण असतो तर किती सेकंद थांबलो असतो याचा हिशेब मनात चालला होता. रुमाल उचलला असता तर तुम्ही थांबला असता, घरी जाऊन कागदावर क्रम लिहून काढला असता, आणि आणखी काही वर्षं तुम्हालाच बोलावलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर तुम्ही कुठेच बोलायला गेला नाहीत. घसा बसतो, म्हणायचात. मी यायचे, पण कमी, आणि आले की मुलींच्या परीक्षांचं काहीतरी सांगून उठायचे. तुम्ही कॉफी पूर्वीसारखीच करायचात. बोलावणी मात्र मला महिन्याला तीन-चार येऊ लागली होती. दोन वर्षांनी तुम्ही गेलात ते मला तुमच्या भाचीनं कळवलं.

शाळेत शोकसभा झाली आणि मला बोलायला सांगितलं. मी बोलले, बाई. फार चांगलं बोलले. शाळा, केळं, वेळ, माळ सांगितलं, चपलांचं सांगितलं. आणि मग म्हणाले, "शेवटी शेवटी बाईंनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, माझं आता झालं, यापुढे तू बोल." असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. तोंडातून वाक्य निघून गेलं आणि समोर बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तुमची भाची माझा हात धरून म्हणाली, "बरं झालं हो, मावशीनं तिच्या हयातीतच सोपवलं ते."

तिला मी खरं सांगितलं नाही. तिनं ते दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना, आणि आता मी जिथे जाते तिथे ओळख करून देताना ते वाचतात. 'बाईंनी आपलं काम ज्यांच्या हाती विश्वासानं सोपवलं, त्या आजच्या वक्त्या.' बायका आदरानं बघतात. मी मान खाली घालते, लोकांना तो विनय वाटतो. या वाक्याला मी काय करणार, लोकच म्हणतात, असं मी मुलींनाही सांगितलंय.

तसं नाहीये. मंडळं वक्त्यांची ओळख आधी लिहून मागवतात, आणि ती मीच लिहून देते. परवा सहकारनगरला बोलणं आहे. त्यांचा कागद कालच देऊन आले. ते वाक्य त्यात आहे.