माझ्याविरुद्ध माझं मत

वेस्ट कॉर्बेट, व्हरमाँट
९ मार्च

प्रिय एमेट,

तू आणि लुईस मजेत असाल असं धरून चालते. ॲरिझोनाच्या उन्हात माणसाला आजारी पडायला निमित्त तरी काय असणार! इथे बर्फ अजून खिडक्यांना टेकलाय, पण दुपारी ऊन पडतं, त्यामुळे मेपलचा रस सुटलाय. रस आटवायच्या व्हीलॉकांच्या भट्टीचा धूर सकाळपासून दिसतोय. तुझ्यासाठी पाकाची बाटली बाजूला ठेवायला सांगितली आहे.

माझ्या खजिनदारकीचं गावसभेत काय झालं, मी जिंकले की हरले, असं तू विचारलं होतंस. सांगते, पण जरा लांबून.

जानेवारीत कोरीन थिबो घरी आली होती. ती आता पंचांची प्रमुख आहे. तू गाव सोडलंस तेव्हा शाळेत जात होती. स्वयंपाकघरात बसून तिनं माझा ॲपल पाय खायला घेतला आणि म्हणाली, "व्हर्नाबाई, यंदा सभेपुढे एक ठराव आणतोय. खजिनदार यापुढे मतांनी निवडायचा नाही, पंचांनी नेमायचा. बाहेरगावचा असला तरी चालेल, पण त्या कामाचं शिक्षण घेतलेला हवा."

"म्हणजे मी नको."

"असं कुठं म्हटलं? पहिल्यांदा तुम्हालाच नेमू की!"

"मला गावानं निवडलंय, कोरीन. तुझ्या मेहेरबानीवर मी त्या टेबलाशी बसणार नाही."

अर्धा ॲपल पाय अजून बशीतच होता. तरी मी बशी उचलली.

आल्डन व्हीलॉकच्या कानावर हे गेलं मात्र, तो पेटलाच. बायको गेल्यापासून बिचाऱ्याला भांडायला कुणी उरलं नव्हतं. "पंचांना तिजोरी खिशात घालायची आहे," असं सांगत घरोघर फिरला. मला आवडत होतं ते, खोटं कशाला बोलू?

मध्ये उठून चहा करून आले. पुढचं लिहायला हात होत नव्हता.

फेब्रुवारीत एकदा कचेरीतून घरी निघाले होते. लख्ख दुपार होती. लाकूडगिरणीपाशी रस्ता फुटतो, तिथे गाडी थांबवली, कारण आपलं घर कोणत्या बाजूला हे मला कळेना. दोन्ही रस्ते सारखेच अनोळखी दिसत होते. किती वेळ तशी बसले, देव जाणे. आल्डनचा ट्रक शेजारी येऊन थांबला. काच खाली करून तो म्हणाला, "कुणाची वाट बघतेस का गं?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी पुढे होतो. तू माझ्या मागून ये." दारापर्यंत सोडलं, टोपीला हात लावला आणि गेला. कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही त्यानं. आणि दुसऱ्या दिवशी परत माझ्यासाठी मतं मागत फिरायला लागला.

एमेट, मला त्या रस्त्यापेक्षा याचीच भीती जास्त वाटली.

सभा नेहमीसारखी शाळेच्या व्यायामशाळेत होती. ठराव पुकारल्यावर आल्डन उठला. "मी जिवंत आहे तोवर व्हर्ना हॅपगुडला त्या खुर्चीतून कुणी उठवणार नाही!" टाळ्यांनी छप्पर दणाणलं. मी ठरावाविरुद्ध भाषण लिहून नेलं होतं, ते पर्समधून काढलंच नाही.

"तुम्ही मला कधी पाडणार नाही, हे मला माहीत आहे," मी म्हटलं. "तुमच्या लग्नांना मी आले, तुमची माणसं गेली तेव्हा आले. उद्या मी चुका करायला लागले, तर तुम्ही हळहळाल, आपापसांत कुजबुजाल आणि मत मलाच द्याल."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो व्हर्नाबाई, बाजू चुकली तुमची!"

हशा झाला. मीही हसले. "बाजू चुकलेली नाही. ऐक जरा. ज्या माणसाला 'आता ऊठ' असं तुमच्यानं म्हणवत नाही, त्याच्या हाती गावाचे पैसे ठेवू नका. कोरीनला ते म्हणता येईल. म्हणून माझं मत ठरावाला."

आणि मी हात वर केला. हळूहळू बाकीचे हात वर गेले. आल्डनचा गेला नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी त्यानं टोपी काढली, डोळे पुसले आणि तीच टोपी वर धरली.

सभेनंतर तिथंच सगळ्यांबरोबर जेवताना कोरीननं बीन्सचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. "पहिली नेमणूक तुमचीच. मी शब्द दिलाय."

मी तिला बाजूला घेऊन नको म्हटलं आणि कारणही सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली. तुझ्याआधी तिला कळलं, याचा राग धरू नकोस.

डॉक्टरांकडे जाऊन आलेय. आईला झालं होतं, तेच आहे. अजून सुरुवात आहे म्हणतात. ख्रिसमसला फोनवर तू म्हणालास, "अगं, हे तू आत्ताच विचारलंस," आणि मी फोन आपटला. तेव्हा तुझा राग आला नव्हता रे. घाबरले होते.

नव्या माणसाला कामाची घडी बसवून देईपर्यंत मी कचेरीत जाणार आहे. शेजारी कुणीतरी बसलेलं असेल, याची व्यवस्था कोरीननं केली आहे. आल्डन रोज संध्याकाळी येतो आणि हवेबद्दल बोलतो.

उन्हाळ्याची वाट बघत बसू नकोस. एप्रिलमध्ये चिखल असेल, गाडी रुतेल, तरी तेव्हाच ये. आपलं बरंच भांडण व्हायचं राहिलंय, आणि त्यात माझं काय चुकलं नि तुझं काय, हे मला आठवतंय तोवरच ते उरकून घेऊ. मग नुसते बसू.

अजून तरी तुला पुरती ओळखणारी,
तुझी थोरली बहीण
व्हर्ना