वकिलाशिवाय दिलेला जबाब

प्रिय धाकट्या,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: तू कामाला होतास त्या औषधांच्या गोदामातील चोरीबद्दल जबाब देण्यापूर्वी तू वकील मागितला होतास. तपास अधिकाऱ्यांनी न्यायालयात शपथेवर नेमके उलट सांगितले, आणि तू मान खाली घालून उभा राहिलास.

पुरावा माझ्यापाशी आहे. अटकेच्या दुपारी तू पोलीस ठाण्यातून मला फोन केलास. "ताई, वकील आल्याशिवाय बोलणार नाही म्हटलं, तर हे हसतायत. काय करू गं?"

आरोपीचा गप्प राहण्याचा हक्क मी एकतीस वर्षे शिकवला. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न काढत असे. तरी तुला म्हणाले, "तू काही केलेलं नाहीस ना? मग मिठाची गुळणी कशाला? सांगून टाक आणि जेवायला ये."

तू सारे सांगितलेस. गोदामाची किल्ली कधीकधी घरी नेत असे, हेही. त्या एका वाक्यावर तुला चार वर्षांची शिक्षा झाली.

माझ्या फोनबद्दल तू स्वतःच्या वकिलांनाही सांगितले नाहीस. तुरुंगातल्या भेटीत म्हणालास, "राहू दे गं. तुझे विद्यार्थी काय म्हणतील?" मी तो युक्तिवाद निमूटपणे मान्य केला.

अपिलाची मुदत शुक्रवारी संपते. हे पत्र तुला पाठवले तर तू मला अडवशील, म्हणून पाठवत नाही. याच मजकुराचे प्रतिज्ञापत्र आज तुझ्या वकिलांकडे देते आहे. त्यातील शेवटचे वाक्य आणि खालची सही अशी:

माझ्या भावाला वकिलाशिवाय बोलायला मी लावले; ती चूक माझी.

(सही)
त्याची थोरली बहीण, कायद्याची निवृत्त प्राध्यापिका