मोठ्या तोंडाचा थ्रॉटल

९ नोव्हेंबर

बसवलाच शेवटी! मामंजींनी भंगारात निघालेल्या मोठ्या गाडीचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा भाग, बाजारातून आणला, कानशीने भोकं वाढवली आणि माझ्या नवऱ्याच्या, एलदियारच्या गाडीला चढवला. ओत्मोक घाटात हवा विरळ, प्रवासी भरले की गाडी धापा टाकते, म्हणून तिला श्वास घ्यायला मोठं तोंड हवं — हा त्यांचा हिशेब. मग मेंढा कापला, चाकाला रक्त लावलं, हात पसरून दुवा दिली. झालं! बापाने दुवा दिलेली वस्तू मुलगा काढणार कशी? काढली तर दुवाच परत केल्यासारखं.

१२ नोव्हेंबर

एलदियार बिश्केकची फेरी करून आला. मामंजींनी विचारलं, कशी पळते? वाऱ्यासारखी, म्हणाला.

अंगणात मला वेगळंच सांगितलं. जोर काडीचाही वाढलेला नाही. पेडल पूर्ण दाबलं तर गाडी होती तशीच — इंजिन ओढायचं तेवढीच हवा ओढतं. बिघडलीय ती सुरुवात. आतली गोल झडप जराशी कलली की भसकन हवा आत. पूर्वी पाय जेवढा, तेवढी गाडी. आता पाय टेकवला की उसळते.

"कोरड्या रस्त्यावर सांभाळतो गं," म्हणाला. "बर्फावर काय करू?"

काढून टाक, म्हटलं. तो काच पुसायला लागला.

१३ नोव्हेंबर

घाटात बर्फ पडला.

१६ नोव्हेंबर

आज गाडी फिरली! वळणावर जरा पाय लागला, मागची चाकं सुटली, कठड्याला टेकून थांबली. त्याने चकार शब्द काढला नाही. गाडीत बसलेली शेजारची तुरसुनाय दुकानात भेटली, तिने सांगितलं.

घरी येऊन रडले. सांगू कुणाला? मी सून. सासऱ्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, इथे लिहायलाही हात धजत नाही — आणि 'तुमचं चुकलं' म्हणू? एलदियारही बापापुढे मान वर करणार नाही. मरेल पण करणार नाही. मरेल! काय लिहून बसले मी हे.

१७ नोव्हेंबर

जुना थ्रॉटल गोठ्यात खुंटीला टांगलाय. काढून मांडीवर घेऊन बसले. परत टांगला. बसवता कुठे येतो मला!

१८ नोव्हेंबर

उद्या पुन्हा फेरी. घाट बंद व्हायच्या आत माणसं पोचवायचीत. हातापाया पडले. "हळू जाईन," म्हणतो. अरे, हळूच तर जाता येत नाही ना तिला!

संध्याकाळी मामंजींना चहा ओतला — काठोकाठ. घोटभर ओतायचा, संपला की पुन्हा ओतायचा, हा मान. काठोकाठ म्हणजे प्या नि उठा. लहान पोरालाही कळतं हे. तरी ओततच राहिले. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. थेंब न सांडता सगळा प्यायले आणि उठून गेले.

आता माहेरी पाठवतील. पाठवू देत. तो जिवंत राहू दे म्हणजे झालं.

१९ नोव्हेंबर

पहाटे अंगणात खुडबुड चालली होती. मामंजी मेंढ्यांना चारा घालत असतील. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, उठलेच नाही. एलदियार तसाच निघून गेला.

दुपारपासून बर्फ. फोन लागत नाही. तंदूरमधल्या रोट्या जळल्या. फोन लागत नाही. मीच अडवायला हवं होतं, गाडीपुढे आडवं पडायला हवं होतं!

२० नोव्हेंबर

आला! घाटात गाड्या आडव्यातिडव्या पडलेल्या, आणि हा त्यांच्यामधून सावकाश उतरला. बापाला म्हणाला, थ्रॉटल आता रुळला, अगदी पायाचं ऐकतो. मामंजींनी नुसती मान हलवली.

मी गोठ्यात जाऊन आले. खुंटीला मोठा थ्रॉटल टांगलाय.

चहा ओतायला बसले. पेला पुढे करणाऱ्या त्या हाताची नखं ग्रीसने काळी झालेली.

"सूनबाई," मामंजी हळूच म्हणाले, "आज घोटभरच ओत."