लिन्वुडच्या गाडीचा वारस

मी अलास्डेर गिलख्रिस्ट, वय छप्पन्न, धंदा बातमीदारी, राहणार किलबर्कन, परगणा रेन्फ्रूशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहून ठेवतो. मन ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. डॉक्टरांनी हिवाळ्याचा भरवसा दिलेला नाही, आणि मीही मागितलेला नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी नेटी शेजारी विणत बसली आहे आणि मधूनमधून 'हे गाळ' म्हणते आहे. त्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असे वकील मिस्टर बॅरक्लॉ सांगतात.

१. चढावरचे हे घर, आतले सामान व बँकेतली शिल्लक नेटीची. आम्हांला मूलबाळ नाही, त्यामुळे या कलमात भांडण्यासारखे काही नाही.

२. प्रवचनांचे ग्रंथ पाद्रीबोवांना परत द्यावेत. ते मी उघडले नाहीत हे त्यांनी ओळखले आहेच. बागेतली फावडी-कुदळी शेजारच्या लॉरिमरला. तशाही त्या त्याच्याकडेच असतात.

३. आता गाडी. निळी हिलमन इम्प, त्रेसष्ट सालची. हिची वंशावळ देणे भाग आहे, कारण आपण काय पदरात घेतो आहोत हे वारसाला कळले पाहिजे.

हिची उत्पत्ती, स्थिती आणि लय ही तिन्ही मी आमच्या साप्ताहिकात छापली. क्लाइड नदीवरच्या गोद्या ओस पडू लागल्या तेव्हा सरकारला सुचले की जहाजे बांधणाऱ्यांनी मोटारी बांधाव्यात. लिन्वुडला कारखाना उभा राहिला, उद्घाटनाला राजघराण्यातले पाहुणे आले, आणि मी पहिल्या पानावर 'नवयुग' असा शब्द घातला. तो मी पुन्हा कधी वापरला नाही. इंजिन मागे, सामान पुढे. इंजिनाचे कूळ आग विझवण्याच्या पंपाचे, तरी आमची बया चढावर तापायची. इंजिनाचे ठोकळे लिन्वुडला ओतायचे, घडाईला पार तीनशे मैलांवर कॉव्हेंट्रीला धाडायचे, आणि तयार इंजिने पुन्हा लिन्वुडला आणायची. घरची कणीक परगावी मळून आणावी तसे. तिने शर्यती जिंकल्या, हे खरे. पण गिऱ्हाईक शर्यतीत बसत नाही, बाजाराला जाते, आणि ते दुसऱ्या गाडीत बसून गेले. शहात्तरला इम्प थांबली, यंदाच्या मे महिन्यात कारखानाच. त्या दिवशी मी फाटकाशी उभा होतो. कोणी काही बोलले नाही, म्हणून बातमी लहान झाली.

४. ही गाडी कोणाला, हे सांगण्याआधी एक जुने प्रकरण.

नेटीचा थोरला भाऊ ड्युगल्ड मॅकफेल गोदीतून या कारखान्यात आला. गोदीचा रिवाज असा की ज्याचे काम त्यानेच करावे. सुताराने लोहाराच्या हातोडीला हात लावला तर दुपारपर्यंत संप. हा रिवाज ड्युगल्डने लिन्वुडला आणला. त्याने वर्षानुवर्षे इम्पची दारे बसवली. दारापलीकडची गाडी त्याने पाहिली नाही, आणि न पाहण्याचा त्याला अभिमान होता.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात, पेस्लीच्या जत्रेच्या सुटीत, आम्ही समुद्रकाठी लार्ग्जला आइस्क्रीम खायला निघणार होतो. आदल्या संध्याकाळी ड्युगल्डने बहिणीच्या प्रेमाने आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या कामात हात घातला: चाकांत हवा भरून दिली. इम्पचे वजन मागे, म्हणून मागच्या चाकांत हवा जास्त लागते, पुढच्यांत बरीच कमी. युनियनच्या या माणसाने चारही चाकांना सारखी वाटली. लार्ग्जच्या अलीकडे हेलीच्या उतारावरच्या वळणाला गाडीची पाठ तोंडापुढे आली आणि आम्ही दगडी गडग्यावर आदळलो. नेटीचा गुडघा कायमचा गेला.

मी क्लबात सर्वांदेखत म्हणालो की गाडी बांधणाऱ्याला गाडी कळत नाही. तो म्हणाला, "आणि वळणावर पेडलवर पाय कुणाचा होता रे?" त्यानंतर त्याने या घराचा उंबरा ओलांडला नाही, मी त्याचा नाही. नेटी दोघांच्या मध्ये चौदा नाताळ विणत बसली. दोष चाकांतल्या हवेचा होता, हे माझे मत कायम आहे; माझ्या पश्चातही ते कायम समजावे.

५. बस चढाच्या पायथ्याशी थांबते. नेटीला तो चढ चढवत नाही, आणि स्टिअरिंगला ती हात लावत नाही. चर्चला, बाजाराला, बहिणीकडे आजवर मी नेले. मी गेल्यावर ती या खिडकीशी बसून राहील. बाकी सगळ्याचा मला कंटाळा आला आहे. ही एकच गोष्ट मला नीट मरू देत नाही. तिच्या माणसांत गाडी चालवणारा एकच: ड्युगल्ड, जो हल्ली बेकरीची व्हॅन फिरवतो. सबब, दर रविवारी नेटीला न्यावे या अटीवर गाडी ड्युगल्डला.

असे मी लिहिले, वकिलांनी मोठ्याने वाचले, आणि नेटीने विणकाम खाली ठेवून भावाला फोन लावला. "मरायला टेकलाय, पण भांडायचा दम आहे अजून," ती म्हणाली. "आत्ता ये, नाहीतर येऊच नकोस."

तो आला. टोपी न काढता दाराशी उभा राहिला. घर लहान झाल्यासारखे वाटते, म्हणाला. मी म्हणालो, तू जाड झालास. मग त्याला कलम पाच वाचून दाखवले. साक्षीला यायचा तो लॉरिमर ग्लासगोला गेला होता, म्हणून नेटी म्हणाली की सही ड्युगल्डच करील. मिस्टर बॅरक्लॉंनी घसा खाकरला: ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असा त्यांच्या कचेरीचा दंडक आहे, गाडी किंवा सही, एक काय ते ठरवावे.

"गाडी खोडा," ड्युगल्ड म्हणाला. "बहिणीला न्यायला मला ह्याचं मृत्युपत्र लागत नाही."

नेटीने या खेपेस 'हे गाळ' म्हटले नाही.

६. सबब कलम पाचमधील देणगी व अट रद्द. गाडी नेटीची. कोणावरही कसलेही बंधन नाही. मला दम लागला आहे, येथे थांबतो.

वरील सर्व वाचून, समजून, दोघांसमक्ष सही केली.

स्थळ: किलबर्कन. दिनांक: १४ सप्टेंबर १९८१.

अलास्डेर गिलख्रिस्ट

साक्षीदार पहिला: वॉल्टर बॅरक्लॉ, वकील, पेस्ली.

साक्षीदार दुसरा: ड्युगल्ड मॅकफेल, एल्डर्सली. सही माझ्यासमोर झाली. कलम चार मला मान्य नाही. रविवारी सव्वादहाला येतो. दोघांनीही तयार राहावे.