मल्लूचा चार्जर आणि उभा पत्रा

सोलापूर, मंगळवार, वैशाख, १९७६

मी सांगते, नात शोभा लिहिते. माझा लेक मल्लू गिरणी सोडून घरी बॅटरीचे स्वस्त चार्जर बनवतो. आतला डायोड, म्हणजे विजेचा एक नाजूक तुकडा, गार राहावा म्हणून पत्र्यावर बसवतो, तरी ऊन चढलं की जळतोच. दोन जळले. उद्या टेंभुर्णीचं गिऱ्हाईक येणार. हा तिसराही जळला तर मल्लू परत गिरणीत जाणार म्हणे.

सकाळी पत्र्याला हात लावला, तव्यागत चटका! बघते तर पत्रा चार्जरच्या डब्याच्या तळाला निजवलेला.

"आरं, भाकरी उतरवली की उभी करत्यात. दोन्ही अंगांनी वारा लागाया नको?"

"अव्वा, ही भाकरी न्हाय."

"व्हय की. माझी भाकरी जळत न्हाय."

रागारागानंच त्यानं पत्रा उभा केला, डब्याला वर-खाली भोकं पाडली. दुपारभर चार्जर चालला. पत्रा तापला, पण हात ठेवता आला. मी मुद्दाम तीनदा ठेवला. एवढं साधं याला का सुचू नये?

आता मल्लू गिरणीसाठी लिहिलेला अर्ज शोधतोय, फाडायला. सापडायचा नाही. सकाळीच मी तो चुलीत घातला. मला कुठं वाचता येतंय? शोभे, हसू नको, लिही.