चौरंगाचा आखूड पाय

मी डोमाजी वल्द गणुजी, वय अंदाजे अडुसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार दिग्रस, ता. दारव्हा, जि. यवतमाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि भरपूर रागात लिहून ठेवतो. रागाने कागद रद्द होत नाही, हे कचेरीतल्या अर्जनवीसाला विचारून घेतले आहे.

१. मला मूलबाळ नाही. पत्नी मथुराबाई दोन वर्षांपूर्वी वारली. धाकटा भाऊ सदाशिवराव स्वतःला वारस समजून बसला आहे. तो गावोगाव प्रवचने करतो. विषय एकच, जन्माचे सार्थक कशात. मथुराबाईच्या तेरवीला, माझ्याच अंगणात जेवून तो लोकांना म्हणाला, "वयनी मनानं मोठी होती, पण मूल नाही, तीर्थ नाही. जन्माचं सार्थक राहून गेलं." मी पंगतीत वाढत होतो, वाढत राहिलो.

२. मथुराबाई सुईण होती. सदाशिवरावाचा मुलगा पंजाबराव जन्मला तेव्हा निळा पडला होता, रडेना. तिने त्याच्या तोंडात स्वतःचा श्वास फुंकला, तेव्हा तो रडला. बारशाला मी केलेला पाळणा टांगला. मथुराबाईने दोरीला हात घातला, तर सदाशिवराव ओसरीवरून ओरडला, "वयनी, तुमी नोका लावू हात. वांझेचा हात बरा नसते!" घरी येऊन मी रागाने लाकूड तासायचा वाकस उचलला. ती म्हणाली, "जाऊ द्या ना. पोरगं जगलं ना? मंग झालं."

सार्थकाबद्दल याहून शहाणे मी काही ऐकलेले नाही. भावाचे मात्र बावीस वर्षे ऐकतो आहे.

३. राहते घर माझ्या कष्टाचे आहे. ते नंदाबाईस द्यावे. ती मथुराबाईच्या हाताखाली शिकली. आता गावची बाळंतपणे तीच करते. तिलाही मूल नाही. छपन्न साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला, म्हणून सदाशिवराव नाक मुरडेल. खुशाल मुरडावे, दार तिचे आहे.

४. वाकस, करवत, रंधे, पटाशी शेजारी वामनराव सुताराला. पटाशी उसनी नेऊन बोथट करून परत देत होता. आता स्वतःचीच बोथट करावी.

५. सदाशिवरावाला काही नाही. प्रवचनाचा चौरंग त्याच्याकडे आहेच. तो त्याने बारशानंतरच्या महिन्यात माझ्याकडून करवून घेतला. तेव्हापासून चौरंग डुगडुगतो आणि सदाशिवराव गावोगावच्या जमिनींना दोष देतो. दोष जमिनीचा नाही. एक पाय मी मुद्दाम अर्धे बोट आखूड कापला. कापलेला तुकडा माझ्या पेटीत आहे. पंजाबरावाची बायको गरोदर आहे. त्या बारशाला सदाशिवरावाने पाळण्याची दोरी सर्वांत आधी नंदाबाईच्या हाती दिली, तर तुकडा त्याला द्यावा. नाहीतर जाळून टाकावा.

६. माझ्या तेरवीला प्रवचन नको. लोकांनी जेवावे आणि जावे.

७. पुतण्या पंजाबरावाला पेटीतली माझी चावीची घडी ठेवणार होतो. अर्जनवीस म्हणाला, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. पंजाबरावाने सगळे वाचून घेतले. मग म्हणाला, "मोठेबाबा, घडी राहू द्या. सही मी करतो. माया बापानं मले हे सांगतलंच नोतं."

ठिकाण : दिग्रस. दि. १४ मार्च १९६२
लिहून देणार : डोमाजी गणुजी

साक्षीदार :
१) मारोतराव, सेवानिवृत्त पोस्टमन
२) पंजाबराव मथुराबाई (बापाचे नाव त्याने स्वतः खोडले आहे, खाडाखोड मंजूर. — डोमाजी)