हूड मिळाला की काढू

आप्पा, तुमचा कॅमेरा माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर आईनं शिरूरच्या स्टुडिओतलं सगळं देऊन टाकलं, पडदे, लाइटी, ती गोल फिरणारी खुर्ची. कॅमेरा मात्र उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात ठेवला. मी तेव्हा सातवीत होतो. आता कुरकुंभला कंपनीत लॅबमध्ये आहे, शिफ्ट असते, दौंडला भाड्यानं राहतो, आई माझ्याजवळ असते. नोकरी लागल्यावर एकदा सहज अभ्रा उघडला आणि वेडच लागलं मला. खाली मान घालून त्या काचेत बघायचं, डावं उजवीकडं दिसणार, उजवं डावीकडं, आणि एका रोलवर फक्त बारा चौकोनी फोटो. पण बॅक, म्हणजे मागचा रोल भरायचा डबा, खराब झाली होती. त्यातून उजेड आत शिरायचा आणि फोटोवर भगवे ओरखडे यायचे. म्हणून जुनं सामान शोधायला लागलो. शोधायचं होतं फक्त बॅक, पण मग आडवा उजेड अडवायला लेन्सवर बसवायचा हूड दिसला, मग जवळच्या फोटोची काच, मग जुना चामडी पट्टा. मोबाईलवर फोटो मोठा करून लेन्सला बुरशी आहे का बघायची, विकणारा म्हणणार "एकदम मिंट कंडिशन, नव्यासारखं", आणि पार्सल फोडलं की आत झुरळाची अंडी. तरी रात्रपाळीहून आलो की झोपायच्या आधी परत तेच शोधायचं. तुम्हाला हे सांगायची गरज नाही म्हणा.

आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "माझा येक काढ की रं. तुझ्या आप्पांनी आख्ख्या तालुक्याच्या नवऱ्या काढल्या, माझा न्हाई काढला." मी म्हणालो, काढतो ना, हूड मिळाला की काढू. तिला हूड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिनं विचारलंही नाही.

मग तिच्या डाव्या गालात आतून चट्टा उठला. मिश्रीवरून तुम्ही तिला किती बोलायचात, आठवतं मला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाल कापावा लागेल, जबड्याचं थोडं हाडही जाईल. चेहरा बदलेल, हे त्यांनी इंग्लिशमध्ये माझ्याकडे बघून सांगितलं. पण आईला कळलं. परत येताना एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत होती. चौफुल्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "तुझा त्यो हूड आला का रं?"

दुसऱ्याच दिवशी मी स्टेशनजवळच्या काकांकडे गेलो. तेच, ज्यांच्याकडून तुम्ही सेकंडहँड सामान न्यायचात. आता ते झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो करतात. मी तुमचं नाव सांगितल्यावर हसायलाच लागले. "आरं, त्येचा पोरगा व्हय तू? लई चिकट गिऱ्हाईक तुझा बाप. घंटाभर लेन्स उजेडात धरायचा, माझाच च्या प्यायचा आन् उद्या येतो म्हनून जायचा." त्यांनी काउंटरखालून पोतं ओढलं. त्यात एक बॅक निघाली, पण बाहेरच्या डब्याचा नंबर वेगळा आणि आतल्या चौकटीचा वेगळा. हे तुम्हीच मला शिकवलेलं, दोन्ही एका नंबरचे पाहिजेत, नाहीतर रोल नीट सरकत नाही, एक फोटो दुसऱ्यावर चढतो. काकांना सांगितलं तर म्हणाले, "लेका, नवरा-बायकोचं तरी कुठं जुळतंय? चालतोय न्हवं संसार?" मी पोतं रिकामं केलं, जोडीची चौकट काही सापडली नाही. दिवस हातात नव्हते, म्हणून तीच घेतली. कागदात गुंडाळता गुंडाळता काका म्हणाले, "येकदा सॉफ्ट फिल्टर न्यायला आलता त्यो. बायकोचा फोटो काढायचाय म्हनला. म्या म्हनलं, मग काढ की, फिल्टर कशाला? तर म्हनला, तिचा असातसा न्हाई काढायचा."

आप्पा, तो फिल्टर, चेहरा मऊ दाखवणारी ती काच, कॅमेऱ्याबरोबर अभ्र्यातच होता. पातळ कागद अजून तसाच आहे त्याच्यावर. मला वाटायचं, नवरीमुलींच्या फोटोंसाठी आणला असणार. घरी येऊन आईला दाखवला. तिनं हातात घेतला, डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं. "ह्यो आला, मग म्हनले उजेड बराबर न्हाई. मग म्हनले लग्नसराई संपू दे. मग म्हनले दिवाळीला निवांत." तिनं फिल्टर परत कागदात घातला. "तू बी त्येंचाच."

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला दारात स्टुलावर बसवलं. हिरवं लुगडं नेसली होती, पदर गालावर ओढलेला. मी ठरवलं होतं, उजवी बाजू घ्यायची, चट्ट्याची सूज दिसूच द्यायची नाही. फिल्टर लावला, खाली वाकलो. इतक्या वर्षांत तुम्ही कुणाला एकदाही चुकीच्या बाजूला वळवलं नसेल. मला मोबाईलची सवय. काच उलटं दाखवते हे माहीत असून मी म्हणालो, "आई, थोडी उजवीकडं वळ." ती वळली आणि सुजलेला गाल बरोबर माझ्यासमोर आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं स्वतःच पदर खाली केला. म्हणाली, "हां. ह्योच काढ. ह्यो जानार हाय." आता तिला काय सांगू, चुकलो म्हणून? मी फिल्टर काढून खिशात टाकला आणि रोल संपेपर्यंत तोच गाल काढला. ती एकदाही हलली नाही.

ऑपरेशन झालं. ती घरी आहे, पातळ वरण घेते, थोडं थोडं बोलते, आरशावर तिनं टॉवेल टाकलाय. रोल मी धुवायला पाठवलेलाच नाही. आईनं विचारलं की सांगतो, रोल पुण्याला लॅबमध्ये आहे, पण बॅकचा भरवसा नाही, फोटो एकमेकांवर चढले असतील, वेळ लागेल. ते खोटं आहे, आप्पा. चढले असते तर बरं, असं वाटतं मला कधी कधी. ते चांगले आले असतील, याचीच भीती वाटते.

काल आईनं दही काढायला फ्रीज उघडला. तिला वाटत होतं, रोल पुण्याला लॅबमध्ये आहे. दारात अंड्यांच्या शेजारी तो दिसला, गरम होऊन खराब होऊ नये म्हणून मीच ठेवलेला. तिनं उचलला. मग पडू नये म्हणून अंड्यांच्या मागं नीट सरकवला आणि दार लावलं. मी तिथंच खुर्चीवर होतो, मोबाईलमध्ये तोंड घालून, जसं काही बघितलंच नाही. मोबाईलवर हूडची जाहिरात उघडी होती.